हट्टी : सोन्याच्या खाणीवर वसलेलं छोटं गाव

इतवारा (बुऱ्हाणपूर) : बुऱ्हाणपूर सोन्याच्या खाणीसाठी नाही, सोन्याच्या तारेसाठी ओळखलं गेलं. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती बारीक बारीक छिद्रांतून ओढत केसाइतकी करायची, चपटी करून रेशमावर गुंडाळायची, की झाली जर. 17व्या शतकात इथं आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं इथला जरीचा माल इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचं लिहून ठेवलंय. पण सोनं मुळात जमिनीतून निघतं कसं, हे बघायचं तर दक्षिणेला हट्टी गाठावं लागतं.

कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात हे गाव आहे. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधला हा कोरडा दुआब. कन्नडमध्ये हट्टी म्हणजे वाडी, छोटी वस्ती. नाव साधं, पण खाली हिरवट काळ्या खडकात गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्या शिरांत सोनं.

इथं खणणारे इंग्रज काही पहिले नव्हेत. जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडाचं वय सुमारे 2,000 वर्षं निघालं. त्या काळच्या लोकांनी 600 फुटांहून खोल मजल मारली होती. ना सुरुंग, ना पंप! आग लावून खडक तापवायचा आणि तो तडकला की फोडायचा, हीच त्यांची रीत. जवळच मस्की आहे. तिथला सम्राट अशोकाचा शिलालेख 1915 मध्ये बीडन नावाच्या, सोन्याच्या खाणीतल्या इंजिनिअरला सापडला. ‘देवानांपिय’ म्हणजेच अशोक, हे त्या लेखातल्या नावामुळे पक्कं झालं. शोधायला निघाले सोनं, हाती लागला इतिहास.

हट्टीचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या घराण्याचा मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क 1748 मध्ये वारला तो आपल्या बुऱ्हाणपुरातच. 20व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कंपनीनं हट्टीत काम चालवलं, पण 1920 च्या सुमारास ते बंद पडलं. पुढं पाव शतक खाण तशीच पडून. 1947 मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी निघाली आणि गावात पुन्हा हालचाल सुरू झाली. 1956 च्या भाषावार रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, रायचूर म्हैसूरकडे. कंपनीचं नाव बदलून हट्टी गोल्ड माइन्स झालं. आज ती कर्नाटक सरकारची आहे.

हिशेब मात्र अवघड. टनभर दगड वर काढावा, कुटून पीठ करावं, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवावं, तेव्हा हाती येतं काही ग्रॅम. अंगठीपुरतं म्हणा ना! दगड गरीब निघाला किंवा भाव पडला की खर्च अंगावर येतो. त्यात पुरातनांनी वरचं सोपं सोनं आधीच नेलेलं, त्यामुळे आजच्या कामगाराला आणखी खाली उतरावं लागतं.

कोलारचं उदाहरण समोर आहे. तिथली खाण 3 किलोमीटरहून खोल गेली होती. 28 फेब्रुवारी 2001 ला ती बंद झाली. मागं राहिल्या क्वार्टरांच्या रांगा आणि सायनाइड लागलेल्या मातीचे डोंगर. बरेच जण कामासाठी रोज रेल्वेनं बंगळूरला जाऊ लागले. हट्टीला तशी रेल्वेही दारात नाही. कामगारांच्या वसाहती, बाजार, दुकानदाराची उधारी, सगळं खाणीच्या पगारावर उभं आहे. कोलारनंतर देशात खाणीतून सोनं काढणारं मुख्य ठिकाण हेच उरलं असून मल्लप्पा शाफ्टमधून माणसं पाळी-पाळीनं अजून खाली उतरतात.