तीन डुकॅटचं व्हेनिस

जुन्या बंदरांचे नकाशे फ्रेम करून हॉलमध्ये लावायची हौस हल्ली बऱ्याच जणांना असते. साधे नकाशे नव्हेत हं... घारीच्या नजरेतून दिसावं तसं अख्खं शहर! घरं, गल्ल्या, जहाजं, सगळं. त्यातला माझा सर्वात लाडका म्हणजे याकोपो दे बार्बारीने चितारलेलं १५०० सालचं व्हेनिस.

सहा लाकडी ठसे, सहा मोठे कागद, आणि जोडल्यावर रुंदी जवळपास २.८ मीटर. वन बीएचकेची भिंत तिथेच संपली! हे ठसे आजही व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात आहेत.

पण १५०० साली ना विमान, ना ड्रोन. मग ही नजर आली कुठून? अभ्यासकांच्या मते उंच मनोऱ्यांवरून वेगवेगळ्या भागांची रेखाटनं करून मग ती एकत्र जुळवली असावीत. थोडक्यात, डेटा खरा, कॅमेरा काल्पनिक. म्हणूनच त्यातलं प्रमाण सगळीकडे सारखं नाही.

बरं, ही नुसती हौस नव्हती. पैसा लावला होता आंतोन कोल्ब या जर्मन व्यापाऱ्याने. तीन वर्षं काम चाललं. मग त्याने सरकारकडे अर्ज केला: चार वर्षं कुणी नक्कल करू नये, आणि परदेशी विकताना कर नको. एका प्रतीची किंमत तीन डुकॅट. कारण काय दिलं? तर शहराची कीर्ती!

प्रॉडक्ट अपडेटही व्हायचं बरं का. १४८९ साली वीज पडल्यामुळे सेंट मार्कच्या घंटाघराला तात्पुरतं चपटं छत होतं, ते पहिल्या आवृत्तीत दिसतं. पुढे नवा कळस चढल्यावर ठशातही तो बदल केला गेला.

नकाशात वर व्यापाराचा देव मर्क्युरी, खाली समुद्रदेव नेपच्यून. दोघांचा वरदहस्त व्हेनिसवर. आणि इथेच खरी मेख आहे. हे ठसे तयार होत होते त्याच काळात, १४९८ साली, वास्को द गामा कालिकतला पोचला. इजिप्तमार्गे व्हेनिसला येणाऱ्या मिरीला दुसरी वाट फुटली. व्हेनिस एका रात्रीत बुडालं नाही. सोळाव्या शतकात तिथला मिरीचा व्यापार पुन्हा सावरलाही. पण युरोपात मिरी आणावी ती आपणच, हे दिवस सरले.

म्हणून असा नकाशा भिंतीवर लावाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. नकाशात बंदर दिसतं, त्यातली जहाजं दिसतात. बंदराचं नशीब बदलणारं जहाज मात्र चौकटीबाहेर असतं.