अडगावचे रणांगण आणि एका अधिकाऱ्याच्या आठवणी

अमरावतीहून अचलपुरास जाणारा रस्ता वलगावापाशी पेढी नदी ओलांडतो. संत गाडगे महाराजांनी १९५६ च्या डिसेंबरात या परिसरात देह ठेवला, तेव्हापासून वलगावचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी आहे. परंतु त्याही आधी दीडशे वर्षे, असाच डिसेंबर महिना चालू असता, वलगावच्या आणि वऱ्हाडातील शेकडो गावांच्या धन्याचा निवाडा उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्याशी झाला. तोवर या मुलखात नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम या दोघांची दुअमली असे. १८०३ सालच्या लढाईनंतर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले व निजामाकडे एकट्याकडे राहिले. ज्या रयतेचा धनी बदलला, तिला कोणी काही विचारले नाही. आणि ज्यांच्या बळावर तो बदलला, त्या सामान्य शिपायांची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत. त्यांची जी काही ओळख आज होते, ती बहुतांशी त्यांच्यावरील अधिकाऱ्यांच्या लेखणीतून होते.

अशा लेखण्यांपैकी एक जॉन ब्लॅकिस्टन या तरुणाची होती. त्याचा जन्म १७८५ चा. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत इंजिनियर म्हणून तो दाखल झाला आणि वयाच्या अठराव्या वर्षी जनरल आर्थर वेलस्ली याच्या सैन्याबरोबर असई, अडगाव व गाविलगड ही तिन्ही रणे त्याने पाहिली. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यापलीकडे गेल्यावर, १८२९ साली, त्याच्या आठवणी दोन भागांत प्रसिद्ध झाल्या. पृथ्वीच्या तीन खंडांतील बारा वर्षांची लष्करी साहसे, अशा अर्थाचे त्या पुस्तकाचे नाव आहे. ग्रंथकार परका, तो ज्या पक्षाचा तो पक्ष या भूमीवर चाल करून आलेला. ही गोष्ट वाचकाने क्षणभरही विसरू नये. तथापि विजयाच्या सरकारी खलित्यात ज्या गोष्टीस सहसा जागा मिळत नाही, ती गोष्ट या पुस्तकात मोकळेपणाने सांगितलेली आहे. म्हणूनच त्याचे मोल.

त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. तेथे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी व तोफखान्याने इंग्रजांचा एवढा संहार केला की, मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे १,६०० माणसे खर्ची पडली. वेलस्लीचे सैन्य मुळातच थोडे, त्यातून हे नुकसान. तरीही मद्रासी शिपायांच्या पलटणी तोफांच्या तोंडावर चालून गेल्या व लढाई जिंकली. यानंतर शिंद्यांनी वकील पाठवून नोव्हेंबरात लढाई तहकूब करण्याचा करार केला. त्यातली मुख्य अट अशी होती की, शिंद्यांच्या फौजेने अचलपुराच्या पूर्वेस वीस कोस निघून जावे. ती अट पुरी झाली नाही; उलट शिंद्यांचे घोडदळ भोसल्यांच्या फौजेपाशीच राहिले. शिंद्यांचे वकील इंग्रजांच्या छावणीत होते, त्यांनी हल्ला न करण्याविषयी वारंवार विनविले. परंतु अट पाळली गेली नाही तोवर करार लागू नाही, असे वेलस्लीने बजावले.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा एकत्र आल्या. दोन्ही मिळून दहा-अकरा हजार माणूस. दिवसभराच्या कुचाने सैन्य थकलेले होते व त्या दिवशी लढाई द्यावी असा वेलस्लीचाही प्रथम विचार नव्हता. परंतु पुढे टेहळणी करता अडगावापुढील मैदानात सुमारे पाच मैल लांबीची मराठी फळी उभी असलेली दिसली. तिच्या पाठीशी गाव, गावाभोवती बागा व कुंपणे. एका अंगास भोसल्यांचे पायदळ व तोफा, दुसऱ्या अंगास शिंद्यांचे घोडदळ. सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांचे बंधू व्यंकोजी, ज्यांस मन्याबापू म्हणत, ते भोसल्यांच्या फौजेचे नायक होते. दुपार कलली असता इंग्रजी सैन्य लांब रांगेने पुढे सरकू लागले. वाटेत सिरसोलीचे खेडे होते. या खेड्याला वळसा घालून रांगेचे तोंड बाहेर पडले, तोच समोरून मराठी तोफांचा भडिमार सुरू झाला.

आणि येथेच ती विपरीत गोष्ट घडली. असईच्या रणात ज्या पलटणींनी याहून कितीतरी भयंकर मारा छातीवर झेलला होता, त्यांपैकी तीन पलटणी फुटल्या. तोफा ओढणारे बैल बुजले, ते मागे फिरून रांगांत घुसले, आणि खेड्याआडून नुकतेच उघड्यावर आलेले शिपाई पाठ फिरवून मागे लोटले. रांगेत चालणाऱ्या शिपायाला समोरचा शत्रू दिसत नसतो. दिसते ती पुढच्याची पाठ, आणि ऐकू येतो तो गोळ्यांचा आवाज. ज्याला उत्तर देता येत नाही असा मार माणसाचे धैर्य फार लवकर खातो. शूर माणूस सर्व दिवशी सारखाच शूर असतो, ही समजूत पुस्तकात वाचणाऱ्यांची. रणात उभे राहिलेल्यांची नव्हे.

वेलस्ली जवळच होता. ब्लॅकिस्टनने हा प्रसंग पाहिला व तो सविस्तर लिहून ठेवला. सेनापतीने आधी पायीच पुढे होऊन, आपण दिसलो म्हणजे शिपायांस धीर येईल, या आशेने त्यांच्यासमोर उभे राहून पाहिले. त्याचा उपयोग होईना तेव्हा तो घोड्यावर चढला व पळत्या पलटणींकडे गेला. अशा वेळी बहुतेक सरदारांच्या तोंडून काय निघते, हे सांगावयास नको. परंतु वेलस्लीने आवाज चढविला नाही, कोणास भ्याड म्हटले नाही, की तलवार उपसून कोणाच्या अंगावर गेला नाही. त्याने अधिकाऱ्यांस शांतपणे हुकूम केला की, शिपायांस खेड्याच्या आडोशाला न्या, तेथे रांगा पुन्हा जुळवा, आणि शक्य तितक्या लवकर नीट उभे करा. त्याप्रमाणे झाले. मग तेच शिपाई त्याने दुसऱ्या वाटेने पुन्हा आघाडीस नेऊन आपल्या जागी उभे केले.

या पद्धतीतले शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. पळणाऱ्याला उघड्यावर अडविले तर तो आणखी घाबरतो. आडोसा मिळाला की श्वास जागेवर येतो. शेजारी ओळखीचा सोबती दिसला की लाज जागी होते. आणि नेहमीचा हुकूम नेहमीच्या आवाजात ऐकू आला की हातपाय आपोआप कवायतीला लागतात. सेनापतीने शिपायांच्या अब्रूला हात घातला नाही, म्हणूनच ती अब्रू राखण्याची संधी त्यांस मिळाली.

पुढची लढाई थोडक्यात सांगता येते. पायदळ एका फळीत व घोडदळ तिच्यामागे, अशा रचनेने इंग्रज पुढे सरले. भोसल्यांकडील एक निवडक तुकडी, जिच्यात इराणी होते असे इंग्रज समजत, ७४ व ७८ या गोऱ्या पलटणींवर तुटून पडली व जवळजवळ निःशेष होईपर्यंत लढली. शिंद्यांच्या घोडदळाने डाव्या बाजूच्या मद्रासी पलटणीवर हल्ला चढविला. त्या पलटणीने तो परतविला. यानंतर मराठी फळी मोडली. अडतीस तोफा रणात राहिल्या. पौर्णिमेच्या सुमाराचे चांदणे होते. त्या चांदण्यात इंग्रजी घोडदळाने कित्येक कोस पाठलाग केला. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्या ३६० च्या आसपास, म्हणजे असईच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. मराठ्यांकडे किती पडले, याची मोजदाद झाली नाही.

गव्हर्नर जनरलकडे गेलेल्या खलित्यात भर आहे तो सैन्याच्या शिस्तीवर व विजयावर. परंतु अवघ्या काही दिवसांत मेजर शॉ यांस लिहिलेल्या खाजगी पत्रात वेलस्लीने उघड कबूल केले की, असईत उत्तम लढलेल्या जवळजवळ तीन पलटणी येथे पळाल्या. आपण सुदैवाने जवळ होतो, नसतो तर दिवस हातचा गेला असता. त्यांस पुन्हा उभे करण्यात जो वेळ गेला त्यामुळे उजेड अपुरा पडला, ही खंतही त्याने त्यात नोंदली. सरकारी कागद, खाजगी पत्र आणि तरुण इंजिनियरची आठवण ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे इतिहास हाती लागतो. त्यांतील एकावरच विसंबणाऱ्यास त्याचा एखादा तुकडाच मिळतो.

अडगावनंतर गाविलगड. स्टीव्हन्सनच्या सैन्यास किल्ल्याच्या उत्तर बाजूस पोहोचावयाचे होते व त्यासाठी सातपुड्याच्या पोटातून पंधरा कोसांची चढउतार करावी लागली. वाट अशी नव्हतीच. शिपायांनी ती स्वतः फोडली आणि अवजड तोफा व दारूगोळा बहुतेक अंतर आपल्या हातांनी ओढत वर नेला. सेनापतीने आपल्या पत्रात या श्रमांची वाखाणणी केली आहे. १५ डिसेंबरला किल्ल्यावर हल्ला झाला. हल्ल्याचा नायक कर्नल केनी जबर जखमी होऊन पुढे त्या जखमांनीच वारला. कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावून आतील तट चढला व दरवाजा उघडला. किल्ल्याचे रक्षण करणारा रजपूत सरदार बेनीसिंग व त्याचे सोबती लढता लढता पडले. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडून दिले; गाविलगड व नरनाळा हे किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले. वलगावच्या पाटलाने त्या वर्षीचा वसूल कोणाच्या कचेरीत भरावयाचा, हे अशा रीतीने ठरले.

ब्लॅकिस्टनच्या आठवणींतला आणखी एक प्रसंग अडगावशेजारी ठेवून वाचला पाहिजे. तो वऱ्हाडातला नव्हे, तर दूर दक्षिणेत वेलोरचा आहे. परंतु शिपाई त्याच मद्रास फौजेचे. १८०६ साली नव्या तऱ्हेची पगडी शिपायांवर लादण्यात आली, कपाळावरील गंध व दाढी यांवर निर्बंध घालण्यात आले. शिपायांनी तक्रार केली. तिची दखल घेण्याऐवजी त्यांस शिक्षा झाल्या. १० जुलैच्या पहाटे वेलोरच्या किल्ल्यात शिपाई उठले व त्यांनी शंभरावर गोरे सैनिक मारले. अर्काटहून कर्नल गिलेस्पी घोडदळ घेऊन धावला, त्याच्याबरोबर ब्लॅकिस्टन होता. किल्ल्याचा दरवाजा तोफांनी उडविला गेला व बंड मोडले. मग राजवाड्यात आश्रय घेतलेल्या शिपायांस बाहेर आणून, भिंतीशी उभे करून, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या दिवशी शेकडो शिपाई मारले गेले.

हे दृश्य त्या वेळी आपण शांत चित्ताने पाहिले व ते योग्य शासन मानले, असे ब्लॅकिस्टनने लिहिले आहे. परंतु इतक्या वर्षांनंतर त्या कृत्याचे समर्थन करणे आपणास जड जाते, आणि त्या वेळची आपली मनःस्थिती कशी होती याचाही उलगडा होत नाही, अशी कबुलीही तो तेथेच देतो. सैनिकाच्या लेखणीतून असे वाक्य सहजी उतरत नाही. एकवीस वर्षांच्या तरुणाने जे पाहिले, त्याचा हिशेब प्रौढ माणसाला मागाहून द्यावा लागला.

अडगावी पळणाऱ्या शिपायांची अब्रू एका सेनापतीने राखली. वेलोरला शिपायांची अब्रूच त्यांच्या वरिष्ठांनी पगडीच्या हट्टापायी पणास लावली. पहिल्या ठिकाणी शिपाई परत आले आणि जिंकले; दुसऱ्या ठिकाणी दोन्हीकडचे रक्त सांडले. एकाच फौजेची ही दोन चित्रे एकाच साक्षीदाराने तीन वर्षांच्या अंतराने पाहिली. माणूस भित्रा की शूर, इमानी की बेइमान, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर हुकूम चालविणारा त्यास काय समजतो यावर ठरते. हा धडा ब्लॅकिस्टनने सूत्ररूपाने सांगितलेला नाही. त्याने जे पाहिले ते सांगितले, आणि धडा त्यातून आपोआप निघतो.

१८५१ साली इंग्लंडच्या राणीच्या सरकारने हिंदुस्थानातील या जुन्या लढायांसाठी एक पदक मंजूर केले. त्याच्या फितीवर लावावयाच्या पट्ट्यांत असई होती, अडगाव होते आणि गाविलगडही होता. परंतु पदक मागावयाचे ते हयात असलेल्यांनी; आणि अडगाव होऊन तोवर अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. सिरसोलीच्या आडोशाला ज्यांनी पुन्हा रांगा जुळविल्या व सातपुड्याच्या चढावर ज्यांनी तोफा ओढल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांस ते पदक पाहावयासही मिळाले नसेल. मराठी फळीत उभे राहून जे पडले, त्यांच्यासाठी तर पदकही नव्हते. अकोट-तेल्हाऱ्याच्या मुलखात आज ज्या रानांतून ज्वारी आणि कापूस निघतो, त्याच काळ्या मातीत दोन्ही पक्षांचे शिपाई शेजारी शेजारी मिसळून गेले आहेत.