वस्तऱ्याचं पाणी

बारा बलुतेदारांवर लिहिणारे लोहाराचं नाव घेतात ते नांगराचा फाळ, वखराची पास, विळा आणि कुऱ्हाडीपुरतं. न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा कोणी घडवला, हे सहसा कोणी विचारत नाही. शहरातल्या कारागिराजवळ इंग्लंडातल्या शेफिल्डचा नाहीतर जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा असे. कारंज्याजवळच्या आमच्या खेड्यात न्हाव्याच्या हातात होता तो मात्र गावच्याच लोहारानं केलेला. आम्ही पोरं त्या लोहाराला आबाजी म्हणायचो.

फाळ आणि वस्तरा यांत मोठा फरक आहे. फाळ नरम राहिला तर आठ दिवसांनी पुन्हा पाजवून आणता येतो. वस्तरा माणसाच्या गळ्यावरून फिरतो. नरम राहिला तर धार वळते, जास्त कडक झाला तर धारेचा कण उडतो, आणि दोन्ही वेळा रक्त निघते ते गिऱ्हाइकाचं.

सगळंच लोखंड पाणी पीत नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव कितीही तापवून पाण्यात बुडवा, ती नरमच राहते, कारण तिच्यात कार्बन फार थोडा. वस्तऱ्याला लागते पोलाद, शंभरात एक भागाच्या आसपास कार्बन असलेलं. आबाजीला कार्बन हा शब्द माहीत नव्हता, पण झिजलेली कानस फेकायची नाही हे माहीत होतं. कारंज्याच्या जिनातल्या फिटरकडून तो जुन्या कानशी मागून आणायचा. त्याची ऐरण म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, आपली शकुंतला, कारंज्यावरूनच जायची. तो तुकडा कुठून आला हे आम्ही कधी विचारलं नाही.

कानस आधी लाल तापवून राखेत रात्रभर पुरून ठेवायची. सावकाश थंडी झाली की तिचा कडकपणा जातो आणि ती घडवता येते. मग भात्यावर बाभळीचा कोळसा, आणि हलक्या हातोड्यानं पाठ जाड, धारेकडे पातळ असं पातं. पण धार लगेच पातळ करायची नाही. पातळ धार तावात जळते, नाहीतर बुडवताना वाकडी होते. थोडं अंग ठेवायचं, ते नंतर घासून काढायचं.

पाणी द्यायचं काम तो दिवस मावळल्यावर करी. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, “उन्हात ताव खोटा दिसते बाबू. लोखंड किती तापलं हे अंधारातच समजते.” रंग पाहिजे पिकल्या बोराचा. पळसाच्या फुलासारखा केशरी झाला म्हणजे ताव जास्त झाला, पोलादाचे दाणे मोठे झाले. असं पातं मोडून पाहिलं तर आत साखरेसारखं खरखरीत दिसते. बरोबर तावाचं मोडलं तर आत बारीक, राखाडी. बोराचा रंग म्हणजे साधारण पावणेआठशे अंश. त्या सुमारास पोलादाला लोहचुंबकही धरत नाही. मग एका दमात, सरळ, जवसाच्या तेलात. पाण्यात बुडवलं तर एवढं पातळ पातं कधीकधी ‘टण्ण’ वाजते. तो आवाज आला की सगळी मेहनत गेली.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असते. कानस त्यावर नुसती घसरते, आणि हातातून पडलं तर तुकडे. म्हणून पुन्हा ताव, पण हलका. पातं घासून चकचकीत करायचं आणि तापल्या लोखंडावर पाठीकडून शेकायचं. चकचकीत अंगावर रंग सरकत जातात: आधी वाळल्या कडब्याचा फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. वस्तरा कडब्याच्या रंगावर काढायचा, सव्वादोनशे अंशांच्या आसपास. निळा झाला तर धार टिकत नाही. हे सगळं काही श्वासांत होऊन जाते.

आता थोडं दूरचं सांगतो. गोदावरीपलीकडे निजामाबादकडे कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथले लोक मातीच्या मुशीत पोलाद वितळवायचे आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. दक्षिणेतल्या अशा पोलादाला इंग्रज वूट्झ म्हणत. 1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. त्यासाठी जेम्स स्टोडार्ट या हत्यारं करणाऱ्या कारागिरानं त्या पोलादाचा चाकू घडवला होता. पुढे याच स्टोडार्टसोबत मायकेल फॅरेडेनं पोलादाचे प्रयोग करून 1820 साली ते छापले, आणि प्रयोगातल्या पोलादाचे वस्तरे दोस्तांना भेट दिले. विजेमुळे ज्याचं नाव झालं तोच हा फॅरेडे. लोहाराचा पोरगा, शाळेत माझ्याहूनही कमी शिकलेला. त्याला लिहून ठेवता आलं, आणि ऐकून घेणारे भेटले. आबाजीच्या गावात सातबारा वाचणारे होते, पण तावाचा रंग कोणी विचारला नाही.

त्याला खळ्यावर ज्वारी मिळायची, नांगरामागे ठरलेल्या पायल्या. वस्तऱ्याचं तेही नाही. बलुतेदार एकमेकांचं काम फुकट करत, म्हणून न्हावी त्याची दाढी करायचा आणि तो न्हाव्याला वस्तरा द्यायचा. दहा दिवसांची मेहनत असो की घडीभराची, हिशेब तोच. मला ही वाटणी कधी न्यायाची वाटली नाही, जुनं गाव कितीही गोड करून सांगितलं तरी. पोरांनी रोख पैशाचं काम धरलं, दारं-खिडक्यांचं वेल्डिंग. त्यात चूक काय?

1986 साली देशात एड्सचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतरच्या वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसताच “नवी पत्ती टाक” म्हणू लागलं, आणि ते बरोबरच होतं. अर्धी पत्ती अडकवायचे वस्तरे आले. त्यांना ना सहाण लागते, ना चामड्याचा पट्टा.

आबाजीचा एक वस्तरा न्हाव्याच्या घरी अजून आहे. मुठीचं शिंग तडकलं आहे. वस्तरा दगडावर सपाट ठेवून घासतात, तेव्हा पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि धारेचा कोन आपोआप जुळतो. म्हणून जितकी धार झिजते तितकी पाठही झिजते. या वस्तऱ्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद सपाट पट्टी पडली आहे.