तीन गुणांची रेषा

नियमातील एखादा लहानसा बदल संपूर्ण खेळाचे रूप पालटून टाकतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमधील तीन गुणांची रेषा हे याचे ठळक उदाहरण होय. १९६१ साली व पुढे १९६७ साली प्रतिस्पर्धी संघटनांनी तिचा प्रयोग केला. एन.बी.ए. या मुख्य संघटनेने ती १९७९-८० च्या हंगामात स्वीकारली. बास्केटपासून तिचे अंतर २३ फूट ९ इंच, तर कोपऱ्यांत २२ फूट. प्रारंभी हा केवळ गंमतीचा भाग मानला जाई. पहिल्या हंगामात एक संघ सामन्यागणिक सरासरी तीनदेखील फेकी रेषेबाहेरून करीत नसे.

वस्तुतः हिशेब सोपा होता. रेषेबाहेरून शंभरांपैकी पस्तीस फेकी साधल्या, तर १०५ गुण होतात. जवळून पन्नास साधल्या, तरी शंभरच. हे गणित पूर्णपणे अंगी बाणवण्यास मात्र संघांना तीन दशकांहून अधिक काळ लागला. २००५ साली फिनिक्सचा वेगवान संघ नियमित हंगामात ६२ सामने जिंकूनही बाद फेरीत सॅन अँटोनियोकडून हरला. दूरच्या फेकीवर विसंबणारा संघ अजिंक्यपद मिळवू शकत नाही, या समजाला त्यामुळे बळ मिळाले. तो समज २०१५ साली स्टीफन करी व क्ले थॉम्पसन यांच्या गोल्डन स्टेट संघाने खोटा ठरविला.

मग प्रश्न मिटला काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाद फेरीत चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. तेथे ८२ सामन्यांची सरासरी कामी येतेच असे नाही. २०१८ साली ह्यूस्टनने हंगामभर दोन गुणांपेक्षा तीन गुणांच्याच फेकी अधिक केल्या व ६५ सामने जिंकले. परंतु गोल्डन स्टेटविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात त्यांच्या सलग २७ फेकी हुकल्या. ४४ पैकी सातच साधल्या आणि ९२ विरुद्ध १०१ असा पराभव झाला. नेहमीच्या अचूकतेने पंधरा तरी साधल्या असत्या. त्याच रात्री गोल्डन स्टेटने मात्र ३९ पैकी १६ साधल्या. म्हणजे दोष रेषेचा नव्हता.

बोस्टनची कथाही बोलकी आहे. याच पद्धतीने २०२४ साली अजिंक्य ठरलेल्या या संघाने २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्यात साठपैकी ४५ फेकी गमावल्या आणि वीस गुणांची आघाडी घालवून, जादा वेळेत अवघ्या तीन गुणांनी सामना सोडला. पुढे ती मालिकाही गेली.

शासकीय अहवालांतील वार्षिक सरासऱ्या आयुष्यभर वाचत आलेल्या आम्हांस यात एक जुनीच गोष्ट दिसते. सरासरी खरी असते. पण पाऊस सरासरीप्रमाणे रोज पडत नाही. २०१५ चा गोल्डन स्टेट संघ बचावातही संपूर्ण संघटनेत अग्रेसर होता, ही बाब करीच्या नेत्रदीपक फेकींपुढे झाकोळून जाते. फेकी हुकतात त्या संध्याकाळी प्रतिस्पर्ध्याला रोखून धरण्याची शिदोरी त्या संघापाशी होती. तीन गुणांच्या रेषेने हंगाम जिंकण्याचा मार्ग सोपा केला. अजिंक्यपदासाठी मात्र अशा एका वाईट संध्याकाळची तरतूद अगोदरच करून ठेवावी लागते.