राजा तयार, संसद नाही

लंडन, मंगळवार, ३० जानेवारी १६४९. हुकूम आदल्या दिवशीच तयार झाला होता. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत, व्हाइटहॉल राजवाड्यासमोरच्या भर रस्त्यात इंग्लंडचा राजा चार्ल्स स्टुअर्ट याचे शिर धडावेगळे करायचे. खटल्यासाठी १३५ जण नेमले होते, पण हुकुमावर सही आणि शिक्का उमटवणारे निघाले ५९.

पहाटे पाचनंतर

सेंट जेम्स राजवाड्यात राजा उठला. थंडी कडाक्याची होती. त्याने सेवक टॉमस हर्बर्टकडून दोन सदरे मागून अंगावर चढवले. आपण कुडकुडलो तर लोक त्याला भीती समजतील, हा त्याचा हिशेब.

मग बिशप जक्सन आला आणि त्याने मॅथ्यूचा २७ वा अध्याय वाचला. ख्रिस्तावरचा खटला आणि त्याचा वध त्यात आहे. हा उतारा आजच्यासाठी मुद्दाम निवडलात का, असे राजाने विचारले. नाही, प्रार्थनापुस्तकात आजच्या तारखेला हाच नेमलेला आहे, असे उत्तर मिळाले. संसदेने हे पुस्तक १६४५ मध्येच बंद केले होते आणि पाठोपाठ बिशपांचे पदही रद्द केले होते. त्या बंदी घातलेल्या पुस्तकानेच राजाच्या हाती दिवसाचा अर्थ ठेवला, आणि त्याने तो सोडला नाही.

बायबल अर्थात समोरच्यांकडेही होतेच. १६४८ मध्ये राजाने स्कॉटिश फौजेच्या भरवशावर संसदेविरुद्ध पुन्हा युद्ध पेटवले, तेव्हा विंडसरला प्रार्थनेला बसलेल्या संसदेच्या सैन्याधिकाऱ्यांनी त्याला रक्तपाती ठरवले. सांडलेल्या रक्ताने भूमी विटाळते आणि ते सांडणाऱ्याच्या रक्तानेच ती शुद्ध होते, हे वचन त्यांना पाठ होते. नुसत्या राजकारणाने एवढा हिय्या झाला असता, असे मला वाटत नाही.

सकाळी दहा

कर्नल हॅकरने दार ठोठावले. राजा बागेतून व्हाइटहॉलकडे चालत निघाला. पुढेमागे शिपाई होते आणि ढोलांचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलणेही कठीण.

दहा ते दोन

आणि मग काहीच घडेना.

राजा तयार होता, संसद तयार नव्हती. इंग्लंडच्या रिवाजाने राजा मेला की त्याच क्षणी त्याचा मुलगा राजा. म्हणजे कुऱ्हाड पडताच दुसरा चार्ल्स उभा! ही फट बुजवायला, नव्या राजाची द्वाही फिरवण्यास मनाई करणारा कायदा संसदेच्या कॉमन्स सभागृहाने त्याच दिवशी संमत केला. विलंबाचे कारण म्हणून बहुधा तोच सांगितला जातो. (१६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने ज्याला मुंबई आंदण दिली, तो हाच मुलगा. कायदा किती टिकला ते यावरून कळावे.)

गोंधळ एवढ्यावर थांबला नाही. जल्लादासाठी वेगळी लेखी आज्ञा हवी होती. कर्नल हंक्सने सही करायला साफ नकार दिला. संसदेच्या सैन्याचा सेनानी क्रॉमवेल त्याच्यावर चिडला, त्याने स्वतः बसून आज्ञा लिहिली आणि सही हॅकरकडून घेतली. पुढे १६६० च्या खटल्यात हंक्सनेच ही साक्ष दिली आणि हॅकर फासावर गेला.

राजाने प्रभुभोजनाचा संस्कार घेतला होता, त्यावर काही खायची त्याची इच्छा नव्हती. जक्सनच्या आग्रहावरून त्याने थोडा पाव आणि पेलाभर लाल द्राक्षमद्य घेतले.

दुपारी दोनच्या सुमारास

व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउसमधून राजाला बाहेर नेले. तिथल्या छतावर रुबेन्सने राजाच्या बापाला स्वर्गारोहण करताना रंगवले आहे. ते काम चार्ल्सनेच करवून घेतलेले.

मंचावर काळे कापड अंथरले होते. दोन्ही जल्लादांचे चेहरे झाकलेले. ते कोण होते हे आजही खात्रीने सांगता येत नाही. भोवती शिपायांचे कडे इतके दाट होते की राजाचे भाषण गर्दीपर्यंत पोचलेच नाही. प्रजेचे स्वातंत्र्य कायद्याच्या राज्यात असते, राज्यकारभारात वाटा मिळण्यात नव्हे, हे त्याने शेवटच्या घटकेलाही ठासून सांगितले. म्हणजे सात वर्षांच्या रक्तपातानंतरही तो तसूभर सरकला नव्हता. एकच कबुली त्याने दिली. १६४१ मध्ये मंत्री स्ट्रॅफर्डला अन्यायाने मरू दिले, त्याचे फळ आज भोगतो आहे, असे तो म्हणाला. स्वतःला त्याने प्रजेसाठीचा हुतात्मा म्हणवले.

एका घावात शिर तुटले. गर्दीतून मोठा हुंदका उठला आणि घोडदळाने रस्ता मोकळा करायला सुरुवात केली.

राजाच्या नावावरचे ‘आयकॉन बॅसिलिके’ हे प्रार्थना आणि आत्मसमर्थनाचे पुस्तक तेवढ्यात छापूनही झाले होते. वर्षभरात त्याच्या तिसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. सरकारने उत्तर लिहायला कवी मिल्टनला बसवले. ते ऑक्टोबरमध्ये आले.