बिनकष्टाचं कुंपण

मंडळी, बागेच्या कडेला काय लावावं, असं कुणी विचारलं की पुढच्या अटी ठरलेल्या. पाणी कमी लागावं, निगा नको, गुरांनी खाऊ नये. नेमक्या याच गुणांचं एक झुडूप दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आलं. घाणेरी! कुणी टणटणीही म्हणतात.

मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी लावली गेली. रंगीबेरंगी फुलं, दाट वाढ, उग्र वास. कुंपणाला आणखी काय हवं? पण तिची काळी रसाळ फळं पाखरांना आवडली आणि बी कुंपण ओलांडून रानात गेलं. २०२० सालच्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या अधिवासापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात ती पसरली आहे. तिच्या दाटीत गवत वाढत नाही. मग हरणांनी काय खायचं?

बागेत वाचलेले कष्ट असे रानाच्या माथी बसले.

म्हणून मी विचारणाऱ्यांना अडुळसा किंवा कोरांटी सुचवतो. दोन्ही इथलीच. फांदी खोचली की अडुळसा जगतो, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. कोरांटीला काटे आहेत, पिवळी फुलंही. दोघांची फळं म्हणजे कोरडी बोंडं, पाखरांना त्यात गोडी नाही. अधूनमधून कात्री चालवावी लागते, एवढंच. तेवढं करूया की!