गणितात नापास, म्हणून स्टेजवर बंदी: टेक्ससच्या एका कायद्याची गोष्ट

आजचा एपिसोड ऐकण्याऐवजी वाचताय, म्हणजे एकतर लोकलमध्ये उभे आहात किंवा इअरफोन घरी राहिलेत. चालतंय.

सुरुवात माझ्या एका जुन्या दुखण्यापासून करतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला एम-थ्रीला बॅक लागली. रिझल्ट आला तेव्हा आमच्या एकांकिकेच्या तालमी जोरात होत्या आणि पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी तीन आठवड्यांवर आली होती. कॉलेजने फर्मान काढलं: ज्याला बॅक, तो टीममध्ये नाही. माझी भूमिका पोस्टमनची, एकूण अकरा वाक्यं. या अकरा वाक्यांचा आणि लाप्लास ट्रान्सफॉर्मचा संबंध काय, असं मी सरांना विचारलं. "आधी पास हो, मग नाटकं कर," एवढंच उत्तर मिळालं.

पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं, हा आमच्याच कॉलेजचा खास खडूसपणा. मग कळलं की असाच नियम अमेरिकेतल्या एका अख्ख्या राज्याने कायदा म्हणून केला होता. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, निवडणूकही तापली. राज्य टेक्सस, साल १९८४. कायद्याचं सरकारी नाव हाउस बिल ७२. लोकांनी त्यातल्या एका कलमाला दिलेलं नाव जास्त गाजलं: 'नो पास, नो प्ले'.

झालं असं, की मार्क व्हाइट नावाचे गव्हर्नर शिक्षकांचा पगार वाढवायचं आश्वासन देऊन निवडून आले होते. पैसे द्यायचे तर आधी शाळांचं दुखणं काय ते बघू, म्हणून १९८३मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? रॉस पेरो. आपल्या आयटीवाल्यांना हे नाव माहीत हवं. ईडीएस ही कंपनी याच माणसाने १९६२मध्ये काढली. पुढे २००६मध्ये याच ईडीएसने आपल्या एम्फसिसचा मोठा हिस्सा घेतला. तुमच्यापैकी कोणाचा तरी मॅनेजर नक्की तिथून आलेला असेल.

पेरोंचा राग शाळेत अभ्यास सोडून चालणाऱ्या बाकी सगळ्यावर होता. मुख्य निशाणा फुटबॉल. टेक्ससमध्ये शुक्रवारी रात्रीची शाळेची मॅच म्हणजे आपल्याकडची गावची जत्रा, गाव बंद करून लोक स्टेडियमला जातात. शिवाय गायी-कोंबड्यांच्या प्रदर्शनांसाठी मुलं दिवसचे दिवस शाळेतून गायब असतात, यावरही ते बोलत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शाळा शिकण्यासाठी आहे.

कायदा झाला. कोणत्याही एका विषयात १००पैकी ७०च्या खाली गेलात, की पुढचे सहा आठवडे शाळेच्या कुठल्याही स्पर्धेत किंवा कार्यक्रमात भाग नाही. एका विषयात, हे लक्षात घ्या. बाकी सगळीकडे ९५ असले तरी.

आता हा नियम फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, पण लागू झाला सगळ्यांना: बँड, वादविवाद आणि नाटक. वर्तमानपत्रांत बातम्या खेळाडूंच्या आल्या. नाटकवाल्यांबद्दल फार कोणी बोललं नाही, आणि मला तर तीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

कारण टेक्ससमध्ये शालेय नाटक ही किरकोळ गोष्ट नाही. तिथे यूआयएल नावाची संस्था १९१०पासून शाळांच्या स्पर्धा घेते. तिची एकांकिका स्पर्धा १९२०च्या दशकापासून चालू आहे, आणि आजही तिच्यात हजारावर शाळा उतरतात. नाटक ४० मिनिटांत संपलं पाहिजे, एक मिनिट वर गेलं तरी बाद. नेपथ्य लावायला सात मिनिटं, काढायला सात. फेऱ्यांमागून फेऱ्या, शेवटी राज्य पातळी. पुरुषोत्तम केलेल्या कोणालाही हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल.

फुटबॉलच्या टीममध्ये बाकावर बसलेले राखीव खेळाडू असतात. एक गेला, दुसरा आत. नाटकात तसं नसतं. आईचं काम करणारी मुलगी बीजगणितात ६८वर अडकली, तर आई गेली. तिच्याबरोबरचे सगळे सीन, महिनाभर बसवलेल्या हालचाली, पॉझ, सगळं गेलं. चूक एकीची आणि शिक्षा पंधरा जणांना. त्यात गुणांची यादी लागते दर सहा आठवड्यांनी, आणि स्पर्धेची तारीख त्या यादीला विचारून ठरत नाही.

याहून मोठी गंमत पुढे आहे. १९८१मध्ये, म्हणजे तीनच वर्षं आधी, याच टेक्ससने हाउस बिल २४६ आणून समतोल अभ्यासक्रमाची यादी केली होती, आणि त्या यादीत गणित-विज्ञानाच्या बरोबरीने ललित कला घातल्या. नाटक हा त्यातलाच विषय: वर्गात शिकवतात, गुण देतात. म्हणजे एखादी मुलगी नाट्यकलेच्या विषयात अव्वल येऊ शकते आणि गणितामुळे त्याच विषयाचं फळ, म्हणजे प्रयोग, तिच्यापासून काढून घेतलं जातं. इतिहासात नापास झालास म्हणून रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल करायचं नाही, असं कोणी म्हणतं का?

मग नाटक अभ्यास की अभ्यासाबाहेरचं? सरकारी नियमांनी याचं उत्तर फार मजेशीर दिलं. कार्यक्रम स्पर्धेचा असेल, शाळेच्या आवाराबाहेर असेल, बाहेरच्या लोकांना बोलावलं असेल किंवा तिकीट लावलं असेल, तर तो अभ्यासाबाहेरचा. म्हणजे तेच नाटक, तीच मुलं. वर्गात केलं तर शिक्षण, दारात तिकिटाचा टेबल मांडला की चैन. ज्याने कधी नाटक केलंय त्याला माहितीये, प्रेक्षक आल्याशिवाय नाटक होतच नाही. पण कायदा लिहिणाऱ्यांना सीमारेषा कुठेतरी आखावीच लागते, हेही मी इंजिनिअर म्हणून समजू शकतो. एज केस सगळ्यांना छळतात.

पालक कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने नियम थांबवला. पण जुलै १९८५मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंग ब्रँच शाळा-जिल्ह्याच्या खटल्यात तो उचलून धरला. शाळेच्या अवांतर कार्यक्रमात भाग घेणं हा मूलभूत हक्क नाही, आणि शिक्षणाचा दर्जा राखणं हे सरकारचं रास्त काम आहे, असा त्याचा मथितार्थ. या खटल्यात एक मुद्दा असा होता, की अवघड 'ऑनर्स' विषयांसाठी मुख्याध्यापक सूट देऊ शकत होते. म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलाला अवघड गणितात कमी पडल्यावर पळवाट, आणि साध्या गणितात कमी पडणाऱ्याला नाही. कोर्टाला यात काही गैर वाटलं नाही. मला वाटतं. साध्या गणितात धडपडणारं पोर बहुतेकदा तेच असतं, ज्याला सकाळी शाळेत यायला नाटकाशिवाय दुसरं कारण नसतं.

तरीही पेरो आणि व्हाइट सरसकट चूक होते असं मी म्हणणार नाही. मैदान गाजवणाऱ्या मुलाला शाळेने वर्षानुवर्षं वर ढकलायचं आणि शेवटी त्याच्या हातात धड अर्ज लिहिण्याइतकंही शिक्षण ठेवायचं नाही, ही फसवणूकच. त्याच कायद्याने लहान वर्गांत २२ मुलांची मर्यादा आणली, शिक्षकांचे पगार वाढवले. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. १९८६मध्ये व्हाइट हरले, आणि बरेच जण आजही त्याचं एक कारण चिडलेले फुटबॉल प्रशिक्षक असं सांगतात. नाटकाच्या बाई चिडल्या असत्या तर कोणी हरलं असतं का, माहीत नाही.

आपल्याकडे दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण मिळतात. कलेमुळे अभ्यासाचं पारडं जड, म्हणजे बरोबर उलटी दिशा. त्यातही पोरं गुणांसाठी चित्रं काढायला लागतात, पण तो वेगळा एपिसोड.

टेक्ससने १९९५मध्ये कायदा सैल केला. सहा आठवड्यांच्या जागी तीन, तेवढ्यात सगळ्या विषयांत पास झालात तर परत आत. आणखी एक वाक्य स्पष्ट आलं: बंदी असलेला विद्यार्थी इतरांबरोबर सराव किंवा तालीम करू शकतो, पण स्पर्धेत किंवा जाहीर प्रयोगात उतरू शकत नाही.

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो आणि मला हसूच आलं. कारण आमच्या दिग्दर्शकानेही नेमकं हेच केलं होतं. क्यू दुसऱ्या कोणाला पाठ नव्हते म्हणून तालमीला मी रोज होतो. प्रयोगाच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात खुर्चीत. पोस्टमन एका ज्युनिअरने केला. दहा वाक्यं चोख म्हणाला. अकराव्याला अडकला, मी तिसऱ्या रांगेत बसून ओठ हलवत राहिलो, तोवर समोरच्या पात्राने ते सांभाळून घेतलं होतं. एम-थ्री डिसेंबरात निघाली.